कर्जत-खालापूरचे डोंगर मोबाईलमध्ये कसे टिपायचे? उजेड, पाऊस, कायदा आणि जिवाची काळजी

कर्जत/खालापूर : पहिला जोराचा पाऊस झाला की शनिवार-रविवारी कर्जत, नेरळ, भिवपुरी रोड आणि खोपोली स्टेशनवर गर्दी उसळते. मुंबई-पुण्याकडची मंडळी येतात, धबधब्याखाली भिजतात, फोटो आणि रील काढून संध्याकाळच्या लोकलने परत जातात. त्यांना तो डोंगर एकच दिवस दिसतो. पायथ्याच्या गावातल्या माणसाला मात्र तोच डोंगर वर्षाचे ३६५ दिवस समोर असतो. हातात साधा स्मार्टफोन असला तरी शहरातल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला फोटो त्याला काढता येतो. कारण डोंगराच्या फोटोत अर्धं काम उजेडाचं आणि वेळेचं असतं, आणि वेळ गावकऱ्याच्या हातात असते.

हा फोटो कसा काढायचा, कुठे परवानगी लागते, कुठे जिवाला धोका आहे आणि काढलेल्या फोटोचा गावाला काय उपयोग होऊ शकतो, याची ही माहिती.

तालुक्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण जंगल राखीव आहे

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. त्यातलं रायगड जिल्ह्यात एकही नाही. पण कर्जत तालुक्याच्या पूर्वेला भीमाशंकर अभयारण्य लागून आहे. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. राज्यप्राणी शेकरूसाठी ते ओळखलं जातं. माथेरान आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. शिवाय डोंगरउतारावरची बरीचशी जमीन वनखात्याची आहे. त्यामुळे "आमच्याच गावचा डोंगर, कुठंही फिरू" असं म्हणून चालत नाही. काही ठिकाणी नियम लागतात, ते पुढे दिले आहेत.

फोटोने जंगल वाचतं आणि फोटोनेच गर्दी होते

डोंगर-दऱ्यांच्या फोटोंचा आणि राष्ट्रीय उद्यानांचा संबंध जुना आहे. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स नावाच्या फोटोग्राफरने १८६१ साली योसेमिटी दरीचे मोठे फोटो काढले. ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती अशा लोकांपर्यंत ते पोचले आणि १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सन यांनी यलोस्टोनचे फोटो काढले. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. लोकप्रतिनिधींना पटवण्यात त्या फोटोंचा वाटा होता.

आज तोच फोटो उलटही काम करतो. साताऱ्याच्या कास पठारावरच्या फुलांचे फोटो गाजले, २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, आणि गर्दी इतकी वाढली की फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग, प्रवेश शुल्क आणि रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आणावी लागली. कर्जत-खालापुरात एखाद्या ओढ्याचं रील चाललं की पुढच्या रविवारी गावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. रांगेबरोबर चार पैसे येतात, तसा कचराही येतो. म्हणून फोटो काढणं जसं शिकायचं, तसं तो कसा आणि किती सांगून टाकायचा हेही शिकायला हवं.

उजेड कुठून येतो ते आधी बघा

कर्जतच्या खोऱ्याची रचना समजून घेतली की अर्धं काम होतं. पश्चिमेला माथेरानचा डोंगर आहे आणि पूर्वेला भीमाशंकरपासून राजमाची-खंडाळ्यापर्यंत सह्याद्रीची भिंत उभी आहे. मधून उल्हास नदी वाहते.

सकाळी सूर्य पूर्वेच्या भिंतीमागून वर येतो. त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन माथेरानच्या डोंगरावर पडतं आणि त्याच्या घड्या, घळी, झाडी स्पष्ट दिसतात. त्या वेळी भीमाशंकरकडे मोबाईल धरला तर डोंगर काळे येतात आणि आभाळ पांढरं पडतं. संध्याकाळी उलट होतं. मावळतीचं ऊन पूर्वेच्या कड्यांवर पडतं आणि कशेळे, आंबिवली, खांडस भागातून दिसणारा कोथळीगडाचा सुळका आणि मागची भिंत तांबूस होते.

म्हणजे साधा हिशोब असा : सकाळी माथेरानचा डोंगर टिपा, संध्याकाळी भीमाशंकर-राजमाचीकडचे कडे टिपा. सूर्य पाठीशी किंवा कडेला ठेवा. सूर्याकडे तोंड करून फोटो काढायचाच असेल तर डोंगराची नुसती काळी किनार आणि मागचं रंगीत आभाळ असा काढा, तोही चांगला दिसतो.

माथेरानवर जाणाऱ्यांसाठीही हाच नियम आहे. सूर्योदयाला पॅनोरमा पॉइंट आणि सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट ही नावं उगाच पडलेली नाहीत.

दुपारी बारा ते तीन या वेळात ऊन डोक्यावर असतं. सावल्या नाहीशा होतात, डोंगर सपाट दिसतो. या वेळी काढलेला फोटो बहुतेक वेळा फिका येतो. मोबाईल खराब नसतो, वेळ चुकलेली असते. अपवाद ढगाळ दिवसाचा. धबधबा, ओढा आणि जंगलाच्या आतला फोटो ढगाळ उजेडातच चांगला येतो, कारण कडक ऊन आणि काळी सावली दोन्ही नसतात.

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, पण पूर्वेला डोंगर असल्यामुळे पायथ्याच्या वाड्यांवर ऊन त्यानंतर पोचतं. ऊन पोचण्याआधीच्या अर्ध्या तासात शेतांवर धुकं असतं. गावात राहणाऱ्याला हे धुकं अंगणातून मिळतं. शहरातल्या माणसाला त्यासाठी पहाटे साडेतीनला घर सोडावं लागतं.

वर्षभर काय टिपता येईल

बाहेरून येणाऱ्यांना कर्जत म्हणजे फक्त पावसाळा वाटतो. गावकऱ्याकडे बाराही महिने विषय आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुलतात. पानं गळालेल्या जंगलात लाल-केशरी झाड लांबूनही दिसतं. मेच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंत काजवे असतात. जूनच्या सुरुवातीला काळे ढग आणि खाली उन्हाने तापलेली तांबडी जमीन असं चित्र चार-आठ दिवसच मिळतं. जुलैत भातलावणी. भाताच्या खाचरात पाणी असतं तेव्हा डोंगराचं प्रतिबिंब पडतं, पण त्यासाठी वारा पडलेला हवा. सप्टेंबरात पाऊस उघडीप देतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि सोनकीची पिवळी फुलं येतात. वर्षातले सगळ्यात स्पष्ट फोटो याच दिवसांत निघतात. ऑक्टोबरात पिवळं पडलेलं भात आणि मागे हिरवा डोंगर. कारवी मात्र साधारण सात वर्षांनी एकदा मोठ्या प्रमाणावर फुलते, तेव्हा ती दिसली तर सोडू नका.

खालापूर बाजूला इर्शाळगडाचा सुळका आणि त्याचं नेढं, मोरबे धरणाचा जलाशय, पाताळगंगेचं खोरं आणि खोपोलीच्या वरचा घाट हे विषय रस्त्यावरून किंवा शेताच्या बांधावरूनही टिपता येतात. जलाशयाचा फोटो लांबूनच घ्यावा. धरणाच्या भिंतीवर किंवा पाण्यात उतरण्याची गरज नाही आणि तशी परवानगीही नसते.

मोबाईलमध्ये काय करायचं

यातलं काहीही करायला पैसे लागत नाहीत.

१. आधी लेन्स पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो. फोटो धुरकट येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मऊ सुती कापड पुरतं.

२. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड ठरवा. आभाळ पांढरं पडत असेल तर आभाळावर बोट ठेवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. डोंगर जरा काळा आला तरी चालेल, नंतर तो उजळता येतो. पांढरं पडलेलं आभाळ मात्र परत मिळत नाही. 'एचडीआर' ही सोय असेल तर ती चालू ठेवा.

३. सेटिंगमधून 'ग्रिड' चालू करा. स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेघा येतात. जमिनीची किंवा पाण्याची रेघ त्यांना धरून सरळ ठेवा. तिरका तलाव बघताना पाणी सांडतंय असं वाटतं. ही रेघ बरोबर मधोमध नको. आभाळ छान असेल तर दोन भाग आभाळ, एक भाग जमीन. जमीन छान असेल तर उलटं.

४. पुढे काहीतरी घ्या. नुसता लांबचा डोंगर मोबाईलमध्ये बारीक दिसतो. पुढे बांध, बैलगाडीची वाट, दगड, झाडाची फांदी, पाण्याचं डबकं असं काही आलं की डोंगर किती मोठा आणि किती लांब ते कळतं. त्यासाठी मोबाईल खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरून बघा.

५. दोन बोटांनी झूम करू नका. त्याने फोटो फाटतो. शक्य असेल तर चार पावलं पुढे जा, नाहीतर पूर्ण फोटो काढून नंतर कापा. ज्या मोबाईलमध्ये वेगळी झूम लेन्स आहे, तिथे २ किंवा ३ असा आकडा दाबून ती वापरता येते.

६. संध्याकाळी आणि रात्री मोबाईल हातात धरू नका. दगडावर, गाडीच्या सीटवर किंवा चपलेला टेकवून ठेवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा. 'नाइट मोड'मध्ये मोबाईल काही सेकंद उजेड गोळा करत असतो, तेवढ्यात हात हलला की फोटो हलतो.

७. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो. चांगला फोटो पाठवायचा असेल तर 'एचडी' निवडा किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पावसात मोबाईल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढण्यापुरता बाहेर काढा. भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका. आधी पूर्ण सुकू द्या.

धबधबा आणि कडा : इथे फोटोपेक्षा पाऊल महत्त्वाचं

ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात सेल्फी काढताना झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५९ मृत्यूंची नोंद आहे आणि त्यातले १५९ भारतातले आहेत. सगळ्यात जास्त मृत्यू पाण्यात बुडून झाले होते.

ही गोष्ट लांबची नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. खोपोलीच्या डोक्यावरच हा भाग येतो. त्याच वर्षी जुलैत आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर व्हिडिओ काढताना मुंबईची एक तरुणी दरीत पडून मरण पावली.

भुशीसारख्या घटना समजून घ्यायच्या तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसला तरी वर घाटमाथ्यावर पडत असतो. ते पाणी कातळावरून वेगाने उतरतं आणि काही मिनिटांत ओढा वाढतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, की क्षणभरही न थांबता काठावर उंच जागी जायचं. चप्पल, बॅग, मोबाईल काहीही राहिलं तरी मागे फिरायचं नाही.

फोटो काढताना पुढच्या गोष्टी पाळाव्यात. ओढ्याच्या मधल्या दगडावर उभं राहू नये. शेवाळ असलेल्या कातळावर पाय देऊ नये. कड्याकडे पाठ करून सेल्फी काढू नये आणि स्क्रीनकडे बघत मागे-पुढे चालू नये. ज्याला फोटो काढायचा आहे त्याने आधी थांबावं, मग मोबाईल काढावा. गडगडाट ऐकू आला तर उघड्या माथ्यावरून, सुळक्यावरून आणि एकट्या झाडाखालून खाली यावं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर निदान अर्धा तास परत वर जाऊ नये.

धबधबा लांबूनच चांगला दिसतो हेही खरं आहे. अगदी खाली उभं राहिलं की लेन्सवर तुषार बसतात आणि फोटोत नुसता पांढरा पडदा येतो. समोरच्या बांधावरून पूर्ण धार, डोंगर आणि खालचं शेत एकत्र येतं. म्हणजे सुरक्षित जागा आणि चांगल्या फोटोची जागा बहुतेक वेळा एकच असते.

गावातला माणूस "दादा, वर नका जाऊ, पाणी येतंय" म्हणतो तेव्हा पाहुण्यांना ते पटत नाही. तरीही ते सांगत राहणं गरजेचं आहे. अडचण आली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. दरीत रेंज नसते, म्हणून रेंज कुठल्या वळणावर येते ते गावातल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

अभयारण्यात कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोणालाही मनाला येईल तसं शिरता येत नाही. आत जमीन-घर असलेले लोक, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं, सार्वजनिक रस्त्याने जाणारे आणि कामावरचे सरकारी कर्मचारी यांना सूट आहे. बाकीच्यांना कलम २८ नुसार परवाना घ्यावा लागतो. पर्यटन आणि फोटोग्राफी ही दोन्ही कारणं त्या कलमात लिहिलेली आहेत. राष्ट्रीय उद्यानालाही हेच नियम लागतात.

साध्या पर्यटकासाठी वनखात्याच्या नाक्यावरची प्रवेश पावती हाच परवाना असतो. मात्र सिनेमा, जाहिरात, लग्नाआधीचं शूटिंग, मोठी यंत्रसामग्री अशा कामांना वेगळी लेखी परवानगी लागते. खांडसहून शिडी घाट किंवा गणेश घाटाने भीमाशंकरला जाणाऱ्यांनी आणि त्यांना नेणाऱ्या स्थानिक गाईडनी आधी वनरक्षकाकडे चौकशी करावी. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

आत गेल्यावर प्राण्याचा पाठलाग करणं, शेकरूच्या घरट्यापाशी चढणं, फोटो चांगला यावा म्हणून खायला टाकणं, दगड मारून पक्षी उडवणं हे सगळं गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतं. काजव्यांना फ्लॅश आणि टॉर्चचा त्रास होतो, कारण नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात. काजव्यांचा फोटो काढायचा तर मोबाईल दगडावर टेकवून, फ्लॅश बंद ठेवून, लांबूनच काढावा. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात तर सफारीदरम्यान मोबाईल वापरायलाच बंदी आहे.

बंदी आदेश, रूळ, एक्स्प्रेस वे आणि ड्रोन

पावसाळ्यात प्रशासन काही धबधबे आणि धरणांच्या परिसरात जमावबंदी किंवा प्रवेशबंदी लावतं. पूर्वी लोक त्याला "१४४ लागली" म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आल्यावर हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. आदेश गावकऱ्यांनाही लागू असतो, म्हणून कुठल्या ठिकाणांची नावं त्यात आहेत ते ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात विचारून घ्यावं.

रेल्वे रुळावर उभं राहून फोटो काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. यात कर्जत-लोणावळा घाटही आला आणि नेरळ-माथेरानची मिनी ट्रेनही आली. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर घाट बघायला गाडी थांबवणं बेकायदा आहेच, पण मागून येणाऱ्या ट्रकमुळे ते जिवावरही बेततं.

ड्रोन घेतलेली तरुण मुलं आता तालुक्यात बरीच आहेत. ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनची नोंदणी लागते आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. कुठल्या भागात उडवायला मनाई आहे ते सरकारी नकाशावर बघता येतं. अभयारण्यावर उडवायचा असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी. कड्यांच्या कपारीत शिकारी पक्ष्यांची घरटी असतात आणि ड्रोनच्या आवाजाने पक्षी घरटं सोडू शकतात.

लोकेशन टाकायचं की नाही?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' चालू असेल तर प्रत्येक फोटोत जागेचा पत्ता नकळत साठतो. मूळ फाईल कोणाला पाठवली तर तो पत्ताही जाऊ शकतो. म्हणून ही सोय कधी चालू आणि कधी बंद ठेवायची ते ठरवावं.

घरटं, काजव्यांची झाडं, देवराई, निसरडा किंवा वाट नसलेला धबधबा यांचं नेमकं ठिकाण टाकू नये. फक्त तालुक्याचं नाव पुरे. उलट जिथे वाट चांगली आहे, गावात जेवणाची सोय आहे, ग्रामपंचायत किंवा वन समिती शुल्क घेते, तिथली पूर्ण माहिती टाकावी : गाडी कुठे लावायची, अंधाराआधी किती वाजता खाली यायचं, कचरा परत न्यायचा. "स्वर्ग" लिहिण्यापेक्षा एवढं लिहिलं तर गावाचं भलं होईल.

माणसांच्या बाबतीतही हाच विचार लावावा. शेतात लावणी करणाऱ्या बाया, ठाकूर-कातकरी वाड्यांमधली लहान मुलं, ओढ्यावर धुणं धुणारी माणसं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत आणि नको म्हटलं की विषय संपला.

फोटो तुमचा, हक्कही तुमचा

कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि रिसॉर्टची कमी नाही. त्यांना जाहिरातीसाठी डोंगराचे फोटो लागतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार स्वतःसाठी काढलेल्या फोटोवर पहिला हक्क काढणाऱ्याचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कोणी विचारलं तर "घ्या, तसंच घ्या" म्हणण्याआधी कुठे वापरणार, किती दिवस वापरणार आणि किती पैसे देणार हे मेसेजवर लिहून घ्यावं. मूळ मोठी फाईल आपल्याकडे असली तर फोटो कोणाचा आहे हे दाखवणंही सोपं जातं.

एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोधकार्य थांबवावं लागलं. तेव्हापासून डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत पावसाळ्यात एक नजर वर लागलेली असते.

अशा ठिकाणी मोबाईलच्या कॅमेऱ्याचा एक वेगळा उपयोग आहे. अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञांनी १९९७ पासून जुने फोटो घेऊन, ते जिथून काढले होते तिथेच उभं राहून नवे फोटो काढायला सुरुवात केली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की बर्फ किती मागे सरला ते शाळेतल्या मुलालाही कळतं. हीच पद्धत वाडीतही वापरता येते आणि तिला खर्च नाही.

गावातून डोंगर पूर्ण दिसेल अशी एक सुरक्षित जागा निवडा. शाळेचा ओटा, मंदिराची पायरी, पाण्याच्या टाकीजवळचा दगड, काहीही चालेल. तिथे खूण करा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागेवरून, मोबाईल त्याच उंचीवर आडवा धरून, झूम न करता एक फोटो काढा. मे, जून आणि ऑक्टोबरचा चुकवू नका. फोटो तारखेसह एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. मोबाईल बदलला, हरवला तरी नोंद राहील.

दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की उतारावरची झाडी कुठे कमी झाली, नवा रस्ता किंवा खोदकाम कुठपर्यंत आलं, माती कुठे उघडी पडली ते दिसतं. ग्रामसभेत नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा तारीख असलेला फोटो समोर ठेवला तर बोलणं टाळता येत नाही.

यात एक सावधगिरी आहे. जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नव्या जागी पाणी फुटलं, तर ती दरडीची लक्षणं असू शकतात. अशा वेळी लांबूनच एक फोटो काढून तलाठी, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला लगेच पाठवावा आणि फोनही करावा. मुसळधार पाऊस चालू असेल, वरून दगड-मातीचा आवाज येत असेल, तर फोटोसाठी थांबायचंच नाही. आधी पोरंबाळं आणि म्हाताऱ्यांना घेऊन सुरक्षित जागी जायचं, कळवणं त्यानंतर.

पर्यटकाच्या मोबाईलमध्ये डोंगराचा एक दिवस जातो. वाडीतल्या एखाद्या मुलाने महिन्याला एक फोटो काढला तर दहा वर्षांत १२० फोटो होतील. त्यात पळस फुललेला असेल, भात पिकलेलं असेल, पावसाने कडा धुतलेला असेल आणि डोंगर कुठे बदलला तेही असेल. येत्या एक तारखेला सुरुवात करायला हरकत नाही.